चौदा जणांना उपयोगी वाटलं

त्रिंबकनं फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचायला सुरुवात केली, तेव्हा बसवेश्वर हालगे शेंगदाण्याच्या पोत्याची शिवण उसवत होता. दुपारचे बारा वाजून गेले होते. युसूफ वडगावचा बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळं दुकानात साबणाची वडी घ्यायला आलेली बायनाबाई आणि काम नाही म्हणून बाकड्यावर टेकलेला सटवा गवंडी एवढीच माणसं. त्रिंबकचं रस्त्यापलीकडं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथंच तो कुरिअरची पार्सलंही घ्यायचा. त्याला बायकोला आणि आईला समुद्र दाखवायचा होता. "आप्पा, तुमी गेलतात तेच हॉटेल काढलंय बघा. सागरवेध. तिवरखोलला स्वस्तात दुसरं न्हाईच. लोकं काय म्हणतेत ते वाचतो," म्हणून तो एकेकाचं मत मोठ्यानं वाचू लागला. कोणी सोलापूरचा लिहीत होता, पैशाच्या मानानं ठीक, पंखा रात्रभर कुरकुरतो. कोणी नाशिकची बाई, गरम पाणी सकाळी सात ते नऊच, उशांना दमट वास. एकानं लिहिलं होतं की समुद्र दोन मिनिटांवर असं सांगतात, माझ्या सासऱ्यांना अकरा मिनिटं लागली. सटवा यावर हसला. बसवेश्वरला हसू आलं नाही. त्या हॉटेलाविषयी बोलायचा हक्क या गावात आपला आहे, असं त्याला गेले तीन आठवडे वाटत आलं होतं, आणि परक्या लोकांची मतं आपल्या दुकानात मोठ्यानं वाचली जावीत हे त्याला खपत नव्हतं.

"ते सगळं सोड," तो सुतळी ओढत म्हणाला. "तिथं जाऊ नको. वरणात मासा निघाला आमच्या."

बायनाबाईनं हे आधी ऐकलं होतं, तरी तिनं तोंडावर पदर धरला. बसवेश्वरनं ती गोष्ट पुन्हा सांगितली. ही गोष्ट आता त्याच्या तोंडात चांगली बसली होती. चौदा तासांचा प्रवास, फोनवर दोनदा विचारून घेतलेलं, शाकाहारी जेवण मिळेल का, मालकिणीचं 'मिळेल हो' म्हणणं, मग पहिल्याच दुपारी ताटात आलेलं वरण आणि त्यात बोटाला लागलेला काळा, मऊ, कातडीसकट तुकडा. "गळ्यात लिंग हाय माझ्या. आमच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं न्हाई. उचललं ताट आन् दिलं फेकून." केजला एका लग्नात त्यानं हे सांगितलं होतं तेव्हा समाजातले एक म्हातारे स्वामी मान हलवत म्हणाले होते, बरं केलंस. अंबाजोगाईच्या व्याह्यांनी फोन करून विचारलं होतं. बावीस वर्षं तागडीमागं बसलेल्या माणसाला सांगण्यासारखं असं किती घडतं. लोक तेल-मीठ घेता घेता थांबायचे, आणि तो 'दिलं फेकून' म्हणायच्या आधी थोडा वेळ घ्यायला शिकला होता.

"हां, हे बघा, तुमचंच हाय," त्रिंबक म्हणाला. "एक तारा. 'वरणात मासा निघाला. शाकाहारी लोकांनी जाऊ नये. मालकीण उद्धट.' बी. एन. हालगे." त्यानं अंगठ्यानं पडदा पुन्हा वर नेला. "त्याच्यानंतर आणखी एक आलंय. पाच तारे. हे बी आपल्याकडचंच दिसतंय कोण तरी, बघा कसं लिवलंय." आणि त्यानं, मध्ये कुठं न थांबता, कारण मध्ये कुठं थांबायला खूणच नव्हती, सगळं एका दमात वाचलं: "हॉटेल चांगलं हाय कमी पैशात परवडतं खोली लहान हाय पण खिडकीतून समुद्राचा आवाज येतो मालकीण मोहिनीताई लई चांगल्या हायत त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला मी बावीस वर्षांत पयल्यांदा दुसऱ्याच्या हातचा चहा बसून प्याले वरणात मासा नव्हता ते आमसूल होतं आमच्या माणसानं ताट फेकलं मोहिनीताईच्या पायावर गरम वरण सांडलं पाय भाजला त्यांनी एक शब्द उलटा बोलला न्हाई मी माफी मागते."

सटवानं बाकड्यावरूनच विचारलं, "कुणाचं हाय?" त्रिंबकनं फोन विझवला, खिशात घातला, पुन्हा काढला, आणि मग जणू उधार मागितलेली वस्तू परत द्यावी तसा बसवेश्वरच्या पुढं धरला. नाव वाचायला बसवेश्वरला चष्मा लागला नाही. बायनाबाईनं साबणाची वडी मुठीत धरली आणि पैसे ठेवून, सुटे न मागता, पायरी उतरून गेली.

त्यानंतरचा अर्धा तास त्यानं शेंगदाणे बरणीत भरले. त्रिंबक आपल्या दुकानात परतला होता, सटवाही 'येतो आप्पा' म्हणून गेला होता, आणि बसवेश्वर मापानं शेंगदाणे ओतत होता, सांडत होता, वेचत होता. संताप आला आहे हे त्याला कळत होतं, पण तो नेहमीसारखा वर चढत नव्हता, पोटाच्या खाली कुठं तरी ओल्या पोत्यासारखा बसून राहिला होता. आपल्या बायकोला, रोहिणीला, लिहिता कुठं येतं एवढं? सातवीपर्यंत शाळा. किराणाची यादी करताना ती 'साबुदाणा' लिहायला दोनदा थांबायची. मग त्याला आठवलं, लातूरला नर्सिंगला जायच्या आधी मुलीनं, आरोहीनं, आईच्या फोनमध्ये काहीबाही करून दिलं होतं: 'हे दाबायचं आन् बोलायचं, मम्मी, ते आपोआप लिहितंय.' मायलेकी दिवसभर त्या खेळात रमल्या होत्या. रोहिणी फोनला तोंड लावून 'मेथी, मेथी' म्हणत होती आणि पडद्यावर मेथी उमटली की लहान पोरीसारखी बघत होती. त्याला तेव्हाही ते आवडलं नव्हतं. त्यानं स्वतःचा फोन काढला. हॉटेलाचं पान उघडलं. ही सगळी मतं त्यानं जायच्या आधी तीनतीनदा वाचली होती, गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसताना. एकसष्ट लोकांचं ऐकून त्यानं हे हॉटेल निवडलं होतं, आणि एवढ्या स्वस्तात एवढं चांगलं शोधलं म्हणून स्वतःवर खूश होता. आता त्याच्या मताच्या वर तिचं मत होतं. नवं वर, जुनं खाली. तारीख दोन दिवसांनंतरची. म्हणजे तिनं त्याचं वाचलं होतं. वाचून, दोन दिवस त्याला जेवायला वाढून, पाणी देऊन, मग उत्तर दिलं होतं. आणि ते त्याला दिलं नव्हतं, सोलापूरच्या त्या पंखेवाल्याला, नाशिकच्या उशीवालीला, अकरा मिनिटं चाललेल्या म्हाताऱ्याच्या जावयाला दिलं होतं. त्याच्या मताखाली लिहिलं होतं, एका जणाला उपयोगी वाटलं. तो एक जण तो स्वतःच होता. तिच्याखाली लिहिलं होतं, चौदा जणांना उपयोगी वाटलं.

चौदा. कोण असतील हे चौदा जण? कुठल्या तरी शहरातल्या पलंगावर पडून, अंगठ्यानं पडदा सरकवत, त्यांनी त्याच्या घरातलं वाचलं होतं. 'आमच्या माणसानं.' त्याचं नाव नव्हतं, पण हालगे होतं, वर होतं, खाली होतं. आणि त्या चहाचं कशाला? आमसुलाचं एक वेळ समजलं असतं. पण चहाचं कशाला लिहावं बाईनं? आपल्या घरात तिला कुणी चहा प्यायला नको म्हटलंय? तो हिशेबीपणानं आठवू लागला, तिला बसून चहा पिताना आपण कधी पाहिलं, आणि त्याला तिच्या हातातला कप आठवला, ओट्यावर ठेवलेला, अर्धा, वर साय धरलेला, पण बसलेली ती आठवेना. हा शोध त्यानं मध्येच सोडून दिला. तिच्या मताखाली आणखी दोन ओळी होत्या, हॉटेलकडून आलेल्या: 'रोहिणीताई, पाय आता बरा आहे. फोड बसला. तुम्ही पाठवलेली जवसाची चटणी मिळाली, सगळ्यांना आवडली. परत या. एकट्या आलात तरी चालेल.' त्यानं रस्त्यापलीकडं पाहिलं. त्रिंबक मान खाली घालून कुणाच्या तरी फोनची काच पुसत होता. चटणी कोकणात गेली ती काही पायांनी चालत गेली नाही. पार्सल त्रिंबकच्याच टेबलावरून गेलं असणार, वर रोहिणीच्या मोडक्या अक्षरातला पत्ता असणार. मग आज दुपारी तो सहज वाचत होता की वाचून दाखवत होता? 'आपल्याकडचंच दिसतंय कोण तरी.' बसवेश्वरला वाटलं, सगळा रस्ता, पिठाची गिरणी, झेरॉक्सवाला, पलीकडच्या पानटपरीवरची दोन माणसं, सगळे आपल्याकडं न बघता बघत आहेत.

त्यानं शटर अर्धं ओढलं आणि आत अंधारात बसून राहिला. डाव्या हाताच्या फळीवर, ओव्याच्या आणि बडीशेपेच्या मध्ये, आमसुलाच्या पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या टांगलेल्या होत्या. महिन्याला अर्धा किलो जायचं, पित्तवाल्यांसाठी. त्याच्या घरात चिंच चालायची, आमसूल त्यानं जन्मात खाल्लं नव्हतं, पण पुड्या तोच भरायचा. ओशट, सुरकुतलेली ती सालं बोटांनी सुटी करायची, वजन करायचं, पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवायचं. बोटांवर दिवसभर तो आंबट वास राहायचा. तिवरखोलच्या त्या टेबलावर गरम वरणात फुगून मऊ झालेलं तेच साल त्याच्या बोटांना लागलं होतं, आणि आता या अंधारात त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं नाही म्हटलं असतं, पण बोटांना तेव्हाच कळलं होतं. मालकीण पुढं वाकून म्हणालीही होती, 'अहो दादा, ते...' आणि ते पुढचं वाक्य यायच्या आत त्यानं ताट उचललं होतं. ते वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही एवढीच घाई त्याला झाली होती. कारण ताट तर त्याला सकाळपासूनच फेकायचं होतं.

सकाळी ते समुद्रावर गेले होते. तो, रोहिणी आणि त्याची थोरली बहीण जगदेवीअक्का, जी नवरा वारल्यापासून त्यांच्याकडंच असायची. घाटात ओकून ओकून अक्का अर्धी झाली होती, ती वाळूवर चादर टाकून बसली. बसवेश्वरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पाय घातला. त्याला समुद्र आवडला नाही. तो थांबत नव्हता. एवढं पाणी, आणि कुणाच्या उपयोगाचं नाही, प्यायला नाही, शेताला नाही, नुसतं येतंय आणि जातंय. त्याच्या तालुक्यात टँकरच्या मागं माणसं पळायची. असा काहीतरी विचार तो करत होता, तेवढ्यात लाट परतली आणि त्याच्या टाचांखालची वाळू निसटली. आधी थोडी, मग भसकन. पायाखाली काही नाही असं त्याला वाटलं. चव्वेचाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं साफ वाटलं. त्यानं शेजारी उभ्या रोहिणीचा दंड दोन्ही हातांनी पकडला आणि त्याच्या तोंडातून एक आवाज गेला, कोकरासारखा. रोहिणी हसली. तोंडावर हात न धरता, मान मागं टाकून, ओल्या लुगड्यानिशी ती हसली, आणि म्हणाली, "अहो, काही न्हाई होत, पाय रोवा नुसता." बास, एवढंच. बाजूनं दोन परकी पोरं जात होती, तीही हसली. तो तिचा दंड सोडून वर आला. वाळूत बसून त्यानं पायाची वाळू झटकली, पुन्हा पुन्हा झटकली, आणि ती मात्र तासभर पाण्यात उभी राहिली, एकटी, पाठमोरी, कुणाची परवानगी न घेता. तिची ती पाठ बघत तो बसून राहिला. बावीस वर्षं ही हसायची राहिली होती की काय? की हसायची, आपल्या माघारी? जेवायला बसेपर्यंत त्याच्या कानात ते हसू होतं, आणि वाढताना मालकीण रोहिणीला म्हणाली, "काय वहिनी, समुद्र सोडवत नव्हता ना," आणि त्या दोघी एकमेकींकडं बघून पुन्हा थोडं हसल्या. मग बोटाला ते लागलं.

ताट फेकणं त्याला ओळखीचं होतं. कपिलधारच्या यात्रेत, तो आठ वर्षांचा असताना, त्याच्या बापानं, नागप्पानं, पंगतीत पत्रावळ भिरकावली होती. कारण एवढंच की त्याला पंगतीच्या शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ बसवलं होतं. हालग्यांना चपलांजवळ बसवता काय, म्हणून नागप्पा उठला आणि ताडताड निघून गेला, धबधब्याच्या बाजूनं, गर्दीतून. लोक वळून बघत होते. लहान बसवेश्वरची छाती भरून आली होती, आपला बाप कुणाचं ऐकत नाही म्हणून. तो बापामागं पळाला. पळताना एकदा मागं वळून पाहिलं तर आई तिथंच बसलेली, मातीत सांडलेला भात चिमटीनं वेचून पत्रावळीत भरत होती, कुणाचे पाय लागू नयेत म्हणून. ती त्यांच्या मागं यायला अर्धा तास लागला. नागप्पानं तिला विचारलं, "कावून एवढा वेळ?" ती म्हणाली, "जेवले." एवढंच म्हणाली. त्या वेळी त्याला आईचा राग आला होता. बापाचा अपमान झाला आणि ही जेवली. आज मात्र त्याला वाटलं, हे सगळं आपण उलट्या बाजूनं बघितलेलं असू शकतं, आणि हा विचार अंगावर पाल पडावी तसा त्यानं झटकला. तो उठला, शटर वर केलं, पुन्हा खाली ओढून कुलूप घातलं आणि घराकडं निघाला.

घर मागच्या बोळात होतं. अंगणात ऊन होतं. रोहिणी आणि जगदेवीअक्का समोरासमोर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या, मध्ये डहाळ्यांचा ढीग. दोघींची बोटं घाट्यांवरच्या आंबट आंबेनं काळपटली होती. तो भर दुपारी आलेला बघून अक्का म्हणाली, "कारं बसू, जेवायला?"

"तुझा फोन कुठंय?" त्यानं रोहिणीला विचारलं.

"चार्जिंगला हाय."

तो आत गेला, फोन काढून आणला आणि तिच्यासमोर उभा राहिला. ती बसलेली होती म्हणून त्याला खाली बघून बोलावं लागत होतं, आणि तरीही आपण खाली आहोत असं त्याला वाटत होतं. "हॉटेलाचं हे तू लिवलंस?"

"मी बोलले. लिवलं फोननं."

"कावून?"

"त्यानं इचारलं." ती घाटा सोलत राहिली. टरफल एका बाजूला, दाणा वाटीत. "आलो त्याच दिशी इचारलं, कसं वाटलं म्हणून. मी सोडून दिलं. मग तुमचं वाचलं. मग त्यानं परत इचारलं. मंग मी सांगितलं."

"मी होतो की घरात. मला सांगायचं."

"होतात," ती म्हणाली.

ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात काही नव्हतं, गिऱ्हाईकाला भाव सांगावा तसा तो सपाट होता. "त्रिंबकनं समद्यांसमोर वाचलं," तो म्हणाला. "बायनाबाई होती. सटवा होता. संध्याकाळपर्यंत केजला जाईल हे. काय तोंड दाखवू मी?"

"बसू, राहू दे," अक्का मध्ये पडली. "कोण वाचतंय ते फोनमधलं."

"चौदा लोकांनी वाचलंय, अक्का. ह्या बाईनं नवऱ्याला खोटं पाडलंय जगात."

अक्कानं डहाळा बाजूला ठेवला. ती त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी होती, त्याला तिनं कडेवर वागवलं होतं, आणि धर्माच्या बाबतीत तिचा शब्द घरात शेवटचा असायचा. तिनं आपली काळी बोटं एकमेकांवर चोळली. "मलाबी दिसलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"आमसूल. माज्याबी वाटीत होतं की. मी खाल्लं. आंबट होतं."

"मग तवा बोलली कावून न्हाईस?"

"तू तवा बोलू देण्यासारखा होतास का? आन् मंग तू गावभर सांगाय लागलास. मला वाटलं, आता कशाला."

अंगण एकदम मोठं झाल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्यात तो एकटा. म्हणजे तीन आठवडे, तो ही गोष्ट दारात, ओट्यावर, पाहुण्यांसमोर सांगत असताना या दोघी आत पोळ्या लाटत होत्या आणि दोघींना ठाऊक होतं. त्यांनी त्याला सांगू दिलं होतं. पुनःपुन्हा, थांबून थांबून, 'दिलं फेकून' म्हणू दिलं होतं. त्याचा आवाज चढला की आत लाटणं थांबत असेल, त्या एकमेकींकडं बघत असतील. हसत असतील? नाही, हसत नसतील, आणि ते जास्त वाईट होतं. "आन् चटणी?" तो म्हणाला. "चटणी कुणाला इचारून पाठवली?"

"माज्या हातची होती. त्रिंबकभाऊनं पाठवली. त्याला म्या सांगितलं होतं, कुणाला बोलू नको."

"त्यानं बोलून दाखवलं आज."

"त्याला जायचंय तिथं. त्यानं वाचलं असंल," रोहिणी म्हणाली. मग पहिल्यांदा तिनं मान वर केली. "तुमी त्या बाईचा पाय बघितला न्हाई. तुमी पिशव्या भराय लागलात, दुसरं हॉटेल शोधाय लागलात. मी आत गेले तवा ती पाय पाण्यात घालून बसली होती. मी रडाय लागले तर तिनंच मला चहा टाकून दिला. त्या पायानं उठून." तिनं हातातला घाटा खाली ठेवला. "तुमी लिवलं, मालकीण उद्धट."

त्याला हात उगारावासा वाटला. त्यानं कधी उगारला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला नेहमी अभिमान वाटत आला होता. पण या क्षणी आपल्या खांद्यात काय भरून आलं आहे हे त्याला स्वच्छ कळत होतं. अक्कालाही कळलं असावं, कारण ती गुडघ्यावर हात देऊन अर्धवट उठली. रोहिणी उठली नाही. बाजूला सरकलीही नाही. त्यानं फोन उघडला. तिच्या फोनला कुलूप नव्हतं. ते मत सापडायला वेळ लागला. बोट घसरत होतं, एकदा चुकून आरोहीचा फोटो उघडला, एकदा मेथी, मेथी लिहिलेलं पान. मग ते आलं. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. फोननं विचारलं, हटवायचं का. त्यानं हो म्हटलं. पाच तारे, खिडकीतला आवाज, चहा, आमसूल, भाजलेला पाय, आणि खालची चटणी, सगळं एकदम गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. आता तिथं वर त्याचं होतं. एक तारा.

"पुसलं," तो म्हणाला.

"झालं?" तिनं विचारलं.

झालं होतं खरं. पण त्याला हलता येईना. विजयाची जी काही चव असते ती तोंडात यायची वाट बघत तो उभा राहिला. रोहिणीनं वाटीतले दाणे ताटात ओतले, टरफलं सुपात भरली, उठून नळावर हात धुतले. आंब निघेना म्हणून मातीनं चोळून पुन्हा धुतले. पदराला पुसले. मग येऊन तिनं त्याच्या हातातून फोन घेतला. हिसकावला नाही, ताटातलं रिकामं भांडं उचलावं तसा घेतला, आणि त्यानं तो दिला. ती मघाच्या जागी बसली, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. कुणी पुरुष समोर असताना तिनं कधी पाय लांब केले नव्हते. पडद्यावर तिनं काहीतरी शोधलं, ताऱ्यांवर पाच वेळा बोट टेकवलं, मग फोन तोंडाजवळ धरला.

"माझं नाव रोहिणी बसवेश्वर हालगे," ती म्हणाली. "राहणार युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड." ती प्रत्येक शब्दानंतर थांबत होती, फोनला लिहायला वेळ मिळावा म्हणून. "मी आधी सांगितलं होतं ते माझ्या मालकांनी पुसलं. म्हणून परत सांगते."

अक्का खाली बसली. बोळातून कुणाची तरी मोटारसायकल गेली, तो आवाज जाईपर्यंत रोहिणी थांबली. बसवेश्वरला वाटलं, आपण आता हा फोन घेऊन दगडावर आपटू शकतो. तीन पावलांवर आहे. पण ती बोलत होती, आणि त्याला जाणवलं की ती एवढा वेळ, एका विषयावर, मध्येच गॅस बंद करायला न उठता बोलताना त्यानं कधी ऐकलेली नाही. तिचा आवाज थोडा जाड होता. शब्दाच्या शेवटी किंचित खाली येत होता. हा आवाज चौदा लोकांनी ऐकला नव्हता, त्यांनी फक्त अक्षरं वाचली होती.

"आमी समुद्र बघायला गेलतो," ती म्हणाली. "मी, माझे मालक आन् माझ्या नणंदबाई. तिवरखोल. हॉटेल सागरवेध." ती अडखळली. फोन तोंडापासून बाजूला न करता तिनं त्याच्याकडं पाहिलं. "कितवी तारीख होती हो?"

त्यानं उत्तर द्यायचं काही कारण नव्हतं. फोन वाट बघत होता, पडद्याच्या तळाशी एक लहानसा ठिपका मोठा होत होता, बारीक होत होता. अक्का त्याच्याकडं बघत होती.

"सतरा," तो म्हणाला. "सतरा जानेवारी. शनिवार."

रोहिणीनं पडद्याकडं पाहून मान हलवली. त्याचाही आवाज फोननं घेतला होता.

"शनिवारी," ती पुढं बोलू लागली, "सकाळी आमी पाण्यात उतरलो. तवा माझे मालक भ्याले."